लेकराला सांगता आलं पाहिजे
(आपल्या सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आजचा विषय आहे मुलांची सुरक्षितता. घरातली, शाळेतली आणि फोनवरची. या विषयावर बोलताना आपला आवाज आपोआप खाली येतो. आज आपण नेहमीच्याच आवाजात बोलू. जवळ मुलं बसली असतील तर त्यांना उठवू नका. त्यांनी ऐकलं तर बरंच आहे.

भीती कुणाची घालतो आपण?

आपण मुलांना कुणापासून सांभाळून राहायला सांगतो? गोणीवाल्यापासून, अनोळखी माणसापासून, पोरं पळवणाऱ्या टोळीपासून. २०१८ साली अशा टोळीच्या अफवा फोनवरून गावोगाव फिरत होत्या. त्या वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावात, जमावानं पाच निरपराध माणसांना ठार मारलं. ती भिक्षा मागून जगणारी भटक्या समाजातली माणसं होती. पोरं पळवायला कुणी आलंच नव्हतं. फोनवरची अफवा खरी मानली गेली आणि पाच घरं उघडी पडली.

आता दुसरी बाजू बघा. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास केला. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी सांगितलं, की आपल्याशी कधी ना कधी लैंगिक स्वरूपाचं वाईट वर्तन झालं आहे. त्यात मुलगे मुलींइतकेच होते. वाईट वागणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे आणि विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. आपण चोवीस तास मुलांच्या मागे फिरू शकत नाही. खुरपणीला जावं लागतं, पाण्याला जावं लागतं, ऊसतोडीला जावं लागतं. म्हणून लेकराला सांगता आलं पाहिजे, आणि सांगितल्यावर त्याला ऐकणारं माणूस भेटलं पाहिजे. बाकी सगळं याच्यानंतर.

मुलं का सांगत नाहीत?

पहिलं कारण, मुलांकडे शब्दच नसतात. आपण त्यांना नाक, कान, डोळे शिकवतो आणि कंबरेपाशी येऊन थांबतो. ज्या अवयवाचं नाव घेतलं की चापट बसते, त्याला कुणी हात लावला तर मूल सांगणार कसं?

दुसरं कारण, 'हे आपलं दोघांचं गुपित' असं त्याला बजावलेलं असतं. किंवा 'सांगितलंस तर आईला मारीन' असा दम दिलेला असतो.

तिसरं कारण, मुलाला वाटतं की चूक आपलीच आहे. 'तू गेलास कशाला तिकडे?' हा प्रश्न आपल्या तोंडी किती पटकन येतो, आठवून बघा.

आणि चौथं कारण मोठ्या मुलींचं. तिला पक्कं माहीत असतं, की घरी सांगितलं तर आधी फोन जाईल, मग शाळा सुटेल आणि मग स्थळं बघायला सुरुवात होईल. त्रास देणारा मोकळा फिरेल आणि शिक्षा आपल्याला होईल. हा हिशेब ती मनात घालते आणि गप्प बसते. त्रास देणारा याच गप्प बसण्यावर टिकून असतो. म्हणून आईनं आधीच, काही घडलेलं नसताना, स्पष्ट सांगून ठेवायचं, 'काहीही झालं आणि तू मला सांगितलंस, तर तुझी शाळा बंद होणार नाही. मी तुझ्या बाजूनं उभी राहीन.' हे वाक्य वडिलांनीही म्हटलं तर फारच चांगलं.

घरात काय शिकवायचं?

सुरुवात अंगणवाडीच्या वयापासून करा. अंघोळ घालताना साध्या शब्दांत सांगा, की छाती, मांड्यांच्या मधला भाग आणि बसायची जागा हे आपले खासगी अवयव आहेत. तिथं कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि स्वतःचे खासगी अवयव दाखवून 'हात लाव' असंही कुणी म्हणायचं नाही. आई अंघोळ घालते, डॉक्टर आईसमोर तपासतात, तेवढंच चालतं. हे एकदा सांगून भागत नाही. पाढ्यासारखं अधूनमधून म्हणून घ्या.

मग तीन गोष्टींचा सराव करा: मोठ्यानं 'नको' म्हण, तिथून निघून जा, आणि मोठ्या माणसाला सांग. सोबत हेही सांगा, की 'नको' म्हणता आलं नाही, पळता आलं नाही, तरी चूक तुझी नाही. मोठ्या माणसापुढे लेकराचा आवाज फुटत नाही. नंतर, उशिरा, केव्हाही सांगितलं तरी चालतं.

'नको' म्हणायला शिकवायचं तर आपल्यालाही एक सवय सोडावी लागेल. पाहुणे आले की आपण म्हणतो, 'मामाला पापी दे', 'जा, काकांच्या मांडीवर बस'. मूल मागे सरकलं की आपण त्याला ओढून पुढे करतो. यातून मूल काय शिकतं? मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नसतं. त्यापेक्षा म्हणा, 'नमस्कार कर.' रीत पाळली जाते आणि मुलाचा 'नको' पण टिकतो.

गुपित आणि गंमत यांतला फरक सांगा. बाबांसाठी आणलेला नवा सदरा दिवाळीपर्यंत लपवून ठेवणं ही गंमत. ती नंतर सगळ्यांना कळते आणि सगळे हसतात. 'आईला कधीच सांगू नकोस' असं कुणी म्हटलं तर ते गुपित, आणि असं गुपित आईला सांगायचंच.

पाच बोटांचा खेळ घ्या. मुलाला कागदावर हाताचा पंजा काढू द्या. प्रत्येक बोटावर एका विश्वासाच्या माणसाचं नाव त्यानं स्वतः लिहायचं: आई, आजी, बाई, अंगणवाडीताई, शेजारची मावशी. एक तरी बोट घराबाहेरच्या माणसाचं हवं. पहिल्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं नाही ऐकलं तर तिसऱ्याला. नावं मुलाला निवडू द्या आणि बघा. एखाद्या जवळच्या माणसाचं नाव ते मुद्दाम टाळत असेल, तर प्रेमानं, सावकाश विचारा.

आणि घरात एक परवलीचा शब्द ठरवा. 'तुझ्या आईला बरं नाही, चल, मला न्यायला पाठवलंय' असं म्हणत कुणी शाळेत आलं, तर मुलानं तो शब्द विचारायचा. शब्द 'शेंगदाण्याची चटणी' असला तरी चालेल. फक्त तो घराबाहेर जाऊ द्यायचा नाही.

फोनमधून येणारा माणूस

पूर्वी माणूस दारातून यायचा, आता तो फोनमधून येतो. दार बंद असतं, मूल गोधडीत असतं, आणि तो तिथं पोचलेला असतो.

त्याची पद्धत बहुतेक वेळा ठरलेली असते. मूल गेम खेळत असतं, तिथं ओळख होते. 'किती छान खेळतेस' अशी स्तुती होते. मग गेममधले डायमंड किंवा रिचार्ज भेट म्हणून येतो. मग तो म्हणतो, 'इथं नको, व्हॉट्सॲपवर बोलू.' मग 'घरी सांगू नकोस.' मग फोटो मागतो, आधी साधा, नंतर तसला. फोटो गेला की भाषा बदलते: 'आणखी पाठव, पैसे पाठव, नाहीतर गावाच्या ग्रुपवर टाकीन.' कधी मुलीनं काहीच पाठवलेलं नसतं. तिचा साधा चेहरा दुसऱ्या अंगावर चिकटवून धमकी दिली जाते. मुलगेही या जाळ्यात सापडतात, आणि लाजेनं जास्तच गप्प राहतात.

बऱ्याच बायका म्हणतात, 'आम्हाला फोनमधलं काही कळत नाही.' नाही कळलं तरी चालेल. तीन प्रश्न विचारता आले पाहिजेत: हा कोण आहे? तू याला समोरासमोर भेटली आहेस का? तो तुझ्याकडे काय मागतो? आठवड्यातून एकदा मुलाजवळ बसा आणि म्हणा, 'बाळा, हा गेम कसा खेळतात, मला शिकव.' शिकवता शिकवता मूल पुष्कळ सांगून जातं.

घरासाठी काही नियम ठेवा. ते मोठ्यांनीही पाळायचे.

१. फोन ओसरीवर किंवा सगळे बसतात तिथं वापरायचा. रात्री तो आईच्या खोलीत चार्जिंगला लागेल.

२. गाव, शाळा, घरचा पत्ता, ओटीपी आणि पासवर्ड कुणाला सांगायचा नाही. शाळेच्या गणवेशातला फोटोही सगळ्यांना दिसेल असा टाकायचा नाही, कारण त्यावरून शाळा कळते.

३. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी' आहे. तिथं प्रोफाइल फोटो आणि ग्रुप या दोन्हींसाठी 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा. मग अनोळखी माणसाला फोटो दिसत नाही आणि तो परस्पर ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. इन्स्टाग्रामवर तेरा वर्षांखालच्या मुलांना खातं काढता येत नाही, हा त्या कंपनीचाच नियम आहे.

४. धमकी आली तर पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो पाठवायचा नाही. दिल्यानं मागणी थांबत नाही, वाढते. संदेश पुसायचे नाहीत. नंबर, नाव, तारीख लिहून ठेवायची, मग त्याला ब्लॉक करायचं आणि फोन घेऊन पोलिसांकडे जायचं.

एक गोष्ट आपल्या गावासाठी. कुणाच्या लेकीचा फोटो किंवा व्हिडिओ ग्रुपवर आला तर 'बघा काय चाललंय' म्हणून पुढे पाठवू नका, जपूनही ठेवू नका. मुलांचं अश्लील चित्रण पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार आणि पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे. 'मी फक्त फॉरवर्ड केलं' हे कारण चालत नाही. हे आपल्या मुलग्यांना आवर्जून सांगा. मुलींना जपून राहायला शिकवणं हा निम्मा धडा झाला. दुसऱ्याच्या लेकीचा फोटो फिरवायचा नाही आणि ती 'नको' म्हणाली की थांबायचं, हा बाकीचा निम्मा धडा मुलग्यांचा आहे.

शाळेत आपण काय बघायचं?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत अगदी लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर शाळांच्या सुरक्षेबद्दल सरकारनं पुन्हा आदेश काढले. पण आदेश कागदावर राहतो की शाळेत उतरतो, हे बघायला गावातली माणसंच लागतात.

आणि तो आपला हक्क आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. तुमच्यापैकी कितीतरी जणींचं नाव त्या समितीत आहे. सही करून परत येऊ नका. पुढच्या बैठकीत हे विचारा:

मुलींचं शौचालय वेगळं आहे का, आतून कडी लागते का, पाणी आहे का? मधल्या सुट्टीत तिकडे कुणाचं लक्ष असतं? तक्रारपेटी कुठं आहे, ती कोण उघडतं, कुणासमोर उघडतं? सखी सावित्री समितीत कोण कोण आहे, त्यांची नावं भिंतीवर लावली आहेत का? शिपाई, स्वयंपाकी, गाडीवाला यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? मुलांना एकेकटं फोन किंवा संदेश करायचा नाही, पालकांच्या ग्रुपवरच कळवायचं, असा नियम शिक्षकांनी ठेवला आहे का?

हे प्रश्न भांडणाच्या सुरात विचारायची गरज नाही. चांगल्या शिक्षकांना आपली साथ हवीच असते. चाइल्डलाइननं तयार केलेली 'कोमल' नावाची छोटी कार्टून फिल्म अनेक शाळांत दाखवतात. तुमच्या शाळेत दाखवली नसेल तर मुख्याध्यापकांना सुचवा आणि पालकांनाही बघायला बोलवा.

मुलानं सांगितलं, आता काय?

मूल एखाद्या दिवशी येऊन अर्धवट बोलतं, 'आई, मला त्या दादाकडे शिकवणीला जायचं नाही.' तेव्हा हातातलं काम ठेवा आणि बसा. ओरडू नका, रडू नका, 'खोटं बोलतोस' म्हणू नका. चार वाक्यं पुरतात: 'तू सांगितलंस, चांगलं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुझी काही चूक नाही. आता आपण मिळून बघू.'

खोदून खोदून विचारू नका. चार जणांसमोर वदवून घेऊ नका. त्या माणसाच्या दारात जाऊन भांडण करू नका. तो सावध होतो आणि मुलाला धमकावतो. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. शरीराला इजा झाली असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवा आणि लगेच दवाखान्यात जा. सरकारी असो की खासगी, दवाखान्यानं असे उपचार मोफत आणि ताबडतोब करायचे असतात. 'आधी पोलिसांचा कागद आणा' असं म्हणता येत नाही.

आता कायदा. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. अठरा वर्षांखालच्या सगळ्या मुलामुलींना तो लागू आहे. पोलिसांनी जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा आणि गणवेशात यायचं नाही. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनं करायची. मुलाचं नाव, फोटो, पत्ता छापता येत नाही. न्यायालयात खटला बंद दाराआड चालतो आणि मुलाला आरोपीसमोर उभं करायचं नसतं. पोलीस 'ही आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवू शकत नाहीत. तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते.

कायद्यानं एक जबाबदारी आपल्यावरही टाकली आहे. असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळतं, त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हा गुन्हा आहे. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. म्हणून पंचांसमोर बसून प्रकरण मिटवणं, पैसे घेऊन गप्प बसणं किंवा त्याच माणसाशी मुलीचं लग्न लावणं, यातला कुठलाही मार्ग कायद्यात बसत नाही. मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो आणि मनोधैर्य योजनेखाली आर्थिक साहाय्यासाठीही तिथंच अर्ज करता येतो.

तुमचे प्रश्न

*'चार वर्षांच्या पोरीला हे सांगितलं तर ती घाबरेल ना?'* – रस्ता ओलांडताना 'गाडी बघ' म्हटलं म्हणून मूल घाबरत नाही. आपण घाबरून सांगितलं तर ते घाबरतं. हसत खेळत सांगा.

*'घरातलाच माणूस असेल तर बाईनं जायचं कुठं?'* – हा सगळ्यात कठीण प्रश्न आहे. सासरा, दीर, भाऊ किंवा नवरा असेल तर बाईला छप्पर, भाकरी आणि अब्रू तिन्ही गमावण्याची भीती असते. पण लेकराला त्याच छपराखाली त्या माणसाबरोबर ठेवता येत नाही. १०९८ वर फोन करा. जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती असते. मुलाच्या राहण्याची, समुपदेशनाची सोय ते बघतात. आणि इथंच गटाचं काम येतं. तिच्यासोबत दोघी जणी गेल्या तर ठाण्याची पायरी चढणं सोपं होतं. बाहेर आल्यावर तिचं नाव चर्चेत येणार नाही, याची जबाबदारीही गटानं घ्यायची.

*'मुलगी नववीत आहे, मला बघून फोन लपवते. काढून घेऊ का?'* – हिसकावून घेतला तर ती मैत्रिणीच्या फोनवरून बोलेल आणि तुमच्याशी बोलणं बंद करेल. आधी बोला. 'कोण आहे' यापेक्षा 'त्याच्याशी बोलून तुला बरं वाटतं की भीती वाटते' असं विचारा. भीती वाटते म्हणाली तर मघाशी सांगितलेले तीन प्रश्न विचारा.

*'आम्ही ऊसतोडीला सहा महिने बाहेर असतो. पोरं आजीकडे असतात.'* – निघायच्या आधी आजीला आणि शाळेतल्या बाईंना सगळं सांगून जा. पाच बोटांचा कागद भिंतीला चिकटवून ठेवा, बोटांपुढे फोन नंबर लिहा. रोज एकाच वेळी फोन करा. 'जेवलास का' याच्यासोबत 'आज कशाची भीती वाटली का' हेही विचारा.

या आठवड्याचं काम

मैत्रिणींनो, हे चार नंबर लिहून घ्या आणि गटाच्या वहीवर, शाळेच्या भिंतीवर, अंगणवाडीच्या दारावर लावा. १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक आहे. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मूल स्वतःही त्यावर फोन करू शकतं. ११२ हा तातडीच्या मदतीसाठी आणि पोलिसांसाठी. १९३० हा फोनवरून पैशांची फसवणूक झाली तर, जितक्या लवकर कराल तितकं चांगलं. चौथा नंबर तुमच्या पोलीस ठाण्याचा. तो तुम्हीच शोधून लिहा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं ठेवा. प्रत्येकीनं एवढंच सांगायचं: माझ्या लेकरानं पाच बोटांवर कुणाकुणाची नावं लिहिली. त्यात तुमचं नाव असेल तर मनातल्या मनात आनंद माना. नसेल तर रागावू नका, त्याच दिवसापासून ऐकायला सुरुवात करा. ते नाव पुढे येतं.

तुमचे अनुभव आणि प्रश्न रेडिओ केंद्रावर कळवत राहा. नावं आम्ही सांगत नाही.